कानातले सांधे, संधिवात आणि कोलेजनची पावडर

कोथरूडहून एका बाईंनी प्रश्न पाठवला आहे. त्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. सासूबाई ६४ वर्षांच्या. बोटांना आणि मनगटांना रुमॅटॉइड संधिवात आहे, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट चालू आहे. गेल्या वर्षभरात त्यांना कमी ऐकू येऊ लागलंय. टीव्हीचा आवाज वाढलाय, दर दोन वाक्यांनी "काय म्हणालीस?" होतंय. नात्यातल्या कोणी सांगितलं, की कानातही हाडं असतात, त्यांनाही सांधे असतात, ते बोटांसारखेच झिजतात, तेव्हा कोलेजनची पावडर सुरू करा. बाईंचं विचारणं असं: हे खरं का? त्या हाडांत आणि सांध्यांत नेमकी कोणती प्रथिनं असतात, आणि ती खाण्यातून भरून निघतात का?

नातेवाइकांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. कानात सांधे आहेत, ते वयानुसार झिजतात आणि संधिवातात सुजूही शकतात. पण तेवढ्याने बहिरेपण येत नाही, आलंच तर फार क्वचित. आणि पावडरीतलं कोलेजन तिथवर पोचून काही दुरुस्त करेल, याला शरीरशास्त्रात आधार नाही. सासूबाईंच्या तक्रारीचं मूळ बहुधा या सांध्यांच्या पलीकडे, आतल्या कानात असेल. पण 'बहुधा'वर औषध द्यायचं नसतं, तपासणी करायची असते. तिच्याकडे शेवटी येते. आधी प्रथिनांचं बघू, कारण तुम्ही ते मुद्दाम विचारलंय आणि पावडरीचं उत्तरही त्यातच आहे.

कानाच्या पडद्याच्या आत हवेची एक छोटी पोकळी असते, तिला मधला कान म्हणायचं. तिच्यात तीन हाडं टांगलेली असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. हातोडी पडद्याला चिकटलेली, रिकिबीचा तळवा आतल्या कानाच्या अंडाकृती खिडकीत बसवलेला आणि मध्ये ऐरण. रिकीब उंचीला जेमतेम ३ मिलिमीटर आणि वजनाला ३ मिलिग्रॅमच्या आसपास, शरीरातलं सगळ्यांत लहान हाड. पडद्याचं क्षेत्रफळ तळव्याच्या साधारण १७ पट, त्यात हाडांच्या तरफेचा थोडा फायदा, असं मिळून हवेतला दाब आतल्या द्रवापर्यंत जाताना वीस-बावीस पट होतो. ही साखळी तुटली किंवा जाम झाली तर एवढं सगळं हातचं जातं.

सांधेही तीनच. हातोडी-ऐरणीचा आणि ऐरण-रिकिबीचा हे दोन गुडघ्याच्या जातीचे: आवरण, आत वंगणाची बारीकशी पोकळी, हाडांच्या टोकांवर कूर्चा. तिसरा वेगळा आहे. रिकिबीचा तळवा खिडकीत नुसता ठेवलेला नसतो. त्याच्या कडेभोवती तंतूंचं एक कडं असतं, त्याला ॲन्युलर लिगामेंट म्हणतात. तिथे वंगणाची पोकळी वगैरे काही नाही. आणि कानाच्या डॉक्टरला तिन्हींत सर्वांत जास्त कामाला लावणारा सांधा हाच.

आता प्रथिनं. हाडाच्या खनिजाखेरीजच्या भागात साधारण ९० टक्के वाटा टाइप १ कोलेजनचा असतो, तसाच तो या हाडांतही मुख्य. सांध्यांच्या टोकांवरच्या कूर्चेत टाइप २ कोलेजन, आणि पाणी धरून ठेवणारं ॲग्रिकॅन. तिसऱ्या सांध्याच्या कड्यात मात्र इलॅस्टिन, म्हणजे ताणलं तरी पूर्ववत होणारं प्रथिन, भरपूर, त्याला फायब्रिलिन या दुसऱ्या प्रथिनाची साथ. कुकरच्या झाकणातल्या रबरी रिंगेसारखं या कड्याला एकाच वेळी दोन कामं जमावी लागतात: आतला द्रव बाहेर येऊ द्यायचा नाही आणि स्वतः नरमही राहायचं. ते कडक झालं की रिकीब हलत नाही.

वर्गात सांगायला आवडेल अशी एक गोष्ट इथेच सांगते. कानाच्या पडद्याच्या मधल्या थरात जे तंतू असतात, काही मध्यापासून कडेकडे गेलेले आणि काही गोल फिरलेले, त्यांत प्रामुख्याने टाइप २ कोलेजन असतं. पडदा म्हणजे कूर्चा नव्हे, तरी कोलेजन कूर्चेचं! टाइप २ च्या जनुकात दोष असला की स्टिकलर सिंड्रोम होऊ शकतो. त्यात मोठ्या नंबरचा चष्मा, कधी टाळूला फट, लहान वयात सांधेदुखी आणि कमी ऐकू येणं हे एकाच घरात, एकाच माणसात दिसतं, कारण डोळ्यातला काचेसारखा द्रव, सांधे आणि कान हे सगळे त्याच एका प्रथिनाचे धनी. अशा मुलांचे पडदे तपासणीत गरजेपेक्षा जास्त सैल हलताना आढळतात.

टाइप १ चंही तसंच. त्याच्या साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन लागतं, ते तुम्ही शिकवतच असाल. त्या जागी दुसरं अमिनो आम्ल आलं की तिहेरी पीळ नीट बसत नाही आणि हाडं ठिसूळ होतात. हा ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर, लहानपणापासून हाडं मोडण्याचा इतिहास, आणि विशी-तिशीत ऐकू कमी येऊ लागणं. यांच्या शस्त्रक्रियेत ऐरणीचा किंवा रिकिबीचा पाय इतका बारीक झालेला दिसतो, की अवजार लावायलाही जीव धजत नाही.

आता पावडरीचा मुद्दा. तुमच्या मांडीचं हाड सतत मोडलं आणि बांधलं जातं, म्हणून तिथे आहाराचा, व्यायामाचा, औषधाचा उपयोग होतो. कानातल्या हाडांचा हिशोब निराळा आहे. ती बाळ जन्माला येतानाच जवळपास मोठ्या माणसाच्या मापाची असतात. २०१८ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी वेगवेगळ्या वयांच्या माणसांची ही हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. जन्मानंतर लवकरच त्यांत खनिज कमालीचं दाटतं, हाडातल्या पेशी मोठ्या संख्येने मरतात आणि त्यांच्या रिकाम्या जागाही खनिजाने बुजतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे पायाच्या हाडाला जे म्हातारपणी होतं ते इथे पाळण्यातच होऊन जातं. यात बिघाड काही नाही. कडक आणि आकार न बदलणारं हाड आवाज पोचवायला चांगलं. कड्यातल्या इलॅस्टिनचंही असंच. ते बहुतेक सगळं जन्माआधी आणि लहानपणीच तयार होतं, पुढे त्यावरच जन्म काढायचा असतो.

आतल्या कानाभोवतीचं हाड तर याच्याही पुढचं. इतर हाडांत वर्षाला साधारण १० टक्के उलाढाल होते असं धरलं, तर तिथे ती २ टक्क्यांच्या आसपास येते, आणि द्रवाच्या अगदी लगतच्या थरात जवळजवळ थांबलेलीच असते. कारण आतल्या कानातल्या पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतात, आणि ते हाड खाणाऱ्या पेशींना कामाला लागूच देत नाही. उंदरांत या प्रथिनाचं जनुक काढून टाकलं तर हे शांत हाड खळबळायला लागतं आणि उंदीर बहिरे होतात.

या न बदलणाऱ्या, दगडासारख्या घट्ट हाडाचा पुण्याला एक वेगळाच फायदा झालाय. हरियाणातल्या राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्यांतून डीएनए काढण्याचं काम डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलं. उष्ण हवेत चार-साडेचार हजार वर्षं पडलेल्या हाडांत डीएनए टिकणं मुश्कील, म्हणून भर दिला तो कानाभोवतीच्या पेट्रस हाडावर. कवटीला धक्का लावायचा नसेल तेव्हा हातोडी-ऐरणीसुद्धा प्राचीन डीएनएसाठी चालतात, असं नंतर इतरांनी दाखवलं.

इतक्या निवांत हाडात सकाळी दुधातून घेतलेली चमचाभर पावडर काय बदल करणार? कोलेजन पोटात गेलं की त्याची अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे होतात. ते रक्तात जातात आणि शरीर त्यांचं हवं ते करतं. गुडघ्यासाठी थोडाफार फायदा होतो का यावर अभ्यास चालू आहेत आणि त्यावर सांधेतज्ज्ञांनी बोलावं. कानाच्या हाडांसाठी असा आधार नाही. क जीवनसत्त्व नसेल तर कोलेजन नीट विणलं जात नाही हे खरं, पण तेवढं क जीवनसत्त्व आवळ्यात, पेरूत, लिंबात आहे. डबाभर पावडरीच्या पैशांत सासूबाईंची ऐकण्याची पूर्ण तपासणी होईल.

तिथलं हाड पुन्हा भरून येत नाही याचा एक दाखला. ओल्या कानात बोट घालून ते झटक्यात बाहेर ओढायची सवय पुष्कळांना असते. बोट कानात घट्ट बसतं, ओढताना आत पोकळी तयार होते, पडदा बाहेर खेचला जातो आणि हातोडीचा दांडा मोडू शकतो. "आंघोळीनंतर टक् झालं, तेव्हापासून दबल्यासारखं वाटतंय," एवढंच पेशंट सांगतो. पडदा शाबूत दिसतो, पण बारकाईने पाहिलं तर दांड्याची दोन टोकं वेगवेगळी हलतात. ते मोडलेलं हाड हाताच्या हाडासारखं जुळून येताना सहसा दिसत नाही.

मग संधिवाताचं काय? ही शंका नवी नाही. १९६३ मध्येच कोपमन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विचारलं होतं, की रुमॅटॉइड संधिवात कानातल्या सांध्यांनाही होतो का. हातोडी-ऐरण आणि ऐरण-रिकीब हे वंगणाचे सांधे असल्यामुळे होऊ शकतो. आजार उसळलेला असताना या साखळीचा ताठपणा किंवा सैलपणा मोजणीत बदललेला सापडतो. पण १९७४ मध्ये एथोल्म आणि बेलाल यांनी मृत व्यक्तींच्या कानांच्या हाडांतले हेच सांधे वयानुसार तपासले. उतारवयात कूर्चा पातळ झालेली, आवरणात कॅल्शियम साठलेलं, काही ठिकाणी सांधा जवळपास चिकटलेलाच, असं सर्रास सापडलं. तरी त्याने आवाज पोचण्यात अडथळा आल्याचं दिसलं नाही.

असं का, ते समजून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या बोलण्याने ही हाडं किती हलतात? नॅनोमीटरच्या हिशोबात. एवढ्याशा हालचालीत हातोडी आणि ऐरण, निदान खालच्या पट्टीच्या आवाजांना, जवळपास एकसंध हाडासारखी हलतात. त्यांचा सांधा जाम झाला तरी फारसं बिघडत नाही. मग तो सांधा ठेवलाय कशाला? मोठ्या दाबासाठी. बोरघाट उतरून खोपोलीकडे जाताना कानांत दडे बसतात, विमान उतरताना बसतात, जोरात शिंक येते. तेव्हा पडदा मिलिमीटरच्या मापात आत-बाहेर होतो. ती सगळी हालचाल थेट रिकिबीवर गेली तर ती आतल्या कानात घुसेल. सांधा सरकतो आणि धक्का वरच्यावर जिरवतो. म्हणजे हा सांधा प्रामुख्याने राखणदार आहे, आणि म्हातारपणी तो आखडला म्हणून ऐकू यायचं थांबत नाही.

ऐरण-रिकिबीचा सांधा मात्र सुटला, तुटला तर गाठ वेगळी. पडदा धड आणि साखळी तुटलेली असेल तर ६० डेसिबलपर्यंत नुकसान होतं. हे संधिवाताने सहसा होत नाही; डोक्याला मार लागून किंवा वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानाने होतं. वाहत्या कानात आधी खाल्ला जातो तो ऐरणीचा लांब पाय, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा. कोलेस्टिॲटोमा असेल, म्हणजे त्वचेचा केराटिनने भरलेला गोळा मधल्या कानात वाढत असेल, तर त्याच्या भोवतीची सूज रँक-लिगँड नावाचं प्रथिन वाढवते, ते हाड खाणाऱ्या पेशींना जागं करतं, आणि मघाशी सांगितलेलं ऑस्टिओप्रोटेजेरिन त्यापुढे तोकडं पडतं. घाण वास येणारा, थेंब टाकून तेवढ्यापुरता थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा कान यात येतो. तो लसणाच्या कढवलेल्या तेलाने बरा होत नाही. तेलाने कानात बुरशी मात्र वाढते, विशेषतः पावसाळ्यात.

संधिवाताच्या पेशंटचा कान दुखत असेल तर मी आधी जबड्याकडे पाहते. कानाच्या अगदी पुढे जबड्याचा सांधा आहे आणि रुमॅटॉइड त्याला आवडीने धरतो. भाकरी चावताना दुखतं, कानात दडा बसल्यासारखं वाटतं, आणि पेशंट सांगतो, "कान दुखतोय." गंमत म्हणजे हातोडी-ऐरणीचा सांधा हा उत्क्रांतीत जबड्याचाच जुना सांधा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांत जी हाडं जबडा जोडतात, तीच सस्तन प्राण्यांत हातोडी आणि ऐरण झाली. राइशर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये गर्भांचा अभ्यास करून ही जोडी ओळखली. तुमच्या विद्यार्थ्यांना हे नक्की सांगा.

आणखी एक, थोडं विषयाबाहेरचं पण तुमच्या घरासाठी महत्त्वाचं. स्वरयंत्रातही दोन छोटे सांधे आहेत, रुमॅटॉइड त्यांनाही धरतो. सासूबाईंचा आवाज घोगरा झाला, गिळताना घशात टोचल्यासारखं वाटलं, श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर वाट पाहू नका. आणि कुठल्याही ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना संधिवाताबद्दल आठवणीने सांगा.

कानाच्या सांध्याने खरोखर बहिरेपण येतं ते प्रामुख्याने तिसऱ्या सांध्यात, त्या इलॅस्टिनच्या कड्यात. त्या आजाराचं नाव ओटोस्क्लेरोसिस. खिडकीच्या पुढच्या कडेजवळ, जिथे हाड शांत असायला हवं, तिथे ते अचानक विरघळायला आणि पुन्हा बनायला लागतं, नवं हाड कड्यावर चढतं आणि रिकीब जाम होते. यात घराण्याचा वाटा असतो, बायकांत जास्त दिसतं, बहुतेकदा विशी ते चाळिशीत सुरू होतं. टाइप १ कोलेजनच्या एका जनुकाशी संबंध असल्याचे अभ्यास आहेत. गोवराच्या विषाणूच्या खुणाही अशा हाडांत सापडल्या आहेत, त्यावर वाद चालू आहेत. बाळंतपणानंतर ऐकू कमी यायला लागलं असं सांगणाऱ्या बायका भेटतात, पण बाळंतपणाने हा आजार वाढतोच असं ठामपणे म्हणता येत नाही.

या पेशंट हळू बोलतात, कारण स्वतःचा आवाज त्यांना मोठा ऐकू येतो. आणि पीएमपीच्या खडखडणाऱ्या बसमध्ये त्यांना शेजारणीचं बोलणं घरापेक्षा बरं समजतं. गोंगाटात आपण सगळेच आवाज चढवून बोलतो आणि त्यांना गोंगाट स्वतःला कमी ऐकू येतो, म्हणून. "घरात ऐकत नाही, बसमध्ये बरं ऐकू येतं," अशी टिंगल घरचे करत असतील तर हा आजार मनात आणावा.

यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती समाधान देणारी आहे. अमेरिकेतले कानाचे सर्जन जॉन शी यांनी १९५६ मध्ये रिकीब काढून तिथे टेफ्लॉनची रिकीब बसवली. त्याच वाटेने आज पिस्टन, म्हणजे रिकिबीचं काम करणारी बारीक दांडी, बसवतो. बहुतेकदा ही शस्त्रक्रिया तेवढ्या जागेपुरती भूल देऊन करता येते. पडद्याची कड उचलली की दुर्बिणीखाली ऐरणीचा लांब पाय खाली येताना दिसतो, त्याच्या टोकाला रिकिबीचं डोकं, आणि मागून स्टेपिडियस या स्नायूचा पांढरा बारीक धागा. आधी मी सुईने रिकीब अलगद टेकून बघते. निरोगी रिकीब हलते, ही हलत नाही. मग छोट्या वाकड्या सुरीने ऐरण-रिकिबीचा सांधा सोडवायचा. स्नायूचा धागा तोवर कापायचा नाही, कारण तो रिकिबीला मागून धरून ठेवतो आणि ती उलटण्याचा धोका कमी होतो. सांध्याचं आवरण इतकं पातळ असतं, की सुरीला ते जाणवण्याआधी डोळ्यांना फट दिसते. मग तळव्यात एक छिद्र, त्यात ०.६ मिलिमीटर जाडीचा पिस्टन, त्याची कडी ऐरणीच्या पायाभोवती आवळायची. टेबलावरच हळू आवाजात विचारलं की पेशंट उत्तर देतो. ऐकणं कायमचं जाण्याचा धोका साधारण शंभरात एक सांगितला जातो, म्हणून दोन्ही कान एका दिवशी कधीच करायचे नाहीत. ज्यांना शस्त्रक्रिया नको, त्यांना कानाच्या मशीनचाही छान उपयोग होतो.

एका दुर्मीळ कारणासाठी मी अशा तरुण पेशंटची बोटं नेहमी बघते. नॉगिन नावाचं एक प्रथिन आहे. गर्भात हाड वाढवणाऱ्या संदेशांना ते ठिकठिकाणी आवर घालतं, आणि जिथे आवर बसतो तिथे सांध्याची फट राहते. नॉगिनच्या जनुकात दोष असेल तर काही सांधे बनतच नाहीत. बोटांचे मधले सांधे जन्मापासून ताठ असतात, आणि त्या सांध्यांवरच्या कातडीला वळ्या नसतात, कारण बोट तिथे कधी दुमडलंच नाही. त्याच माणसाची रिकीबही खिडकीत जन्मापासून जाम असू शकते. असं बोट आणि असा कान बऱ्याचदा वडिलांना, आत्याला, चुलत भावालाही असतो, आणि "आमच्याकडे सगळ्यांची बोटं अशीच," असं कौतुकाने सांगितलं जातं.

सासूबाईंच्या बाबतीत यातलं बरंचसं लागू नाही. ६४ व्या वर्षी, दोन्ही कानांनी, सावकाश कमी होत गेलेलं ऐकणं बहुतेकदा आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींमुळे असतं. रुमॅटॉइडच्या पेशंटमध्ये नसेचं, म्हणजे आतल्या कानाचं, बहिरेपण जास्त आढळतं असंही अभ्यासांत दिसतं, सांध्यांचं नव्हे. वेदनाशामक म्हणून ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत चालू असेल तर कानात आवाज येऊन ऐकू कमी येऊ शकतं. ते औषध थांबवल्यावर सहसा परत येतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या संधिवाताच्या औषधाने क्वचित त्रास होतो. म्हणून येताना औषधांची पूर्ण यादी आणा, आयुर्वेदिक काढे आणि तुमची ती पावडर धरून. स्वतःहून मात्र कुठलंही औषध बंद करू नका, मेथोट्रेक्सेट तर नाहीच.

पहिलं काम, कानात मळ आहे का ते बघणं. मळाने बहिरे झालेले आणि महिनोन्महिने व्हिटॅमिन खाणारे लोक कमी नाहीत. मग नादकाटा, तुमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला ५१२ हर्ट्झचा चालतो. वाजवून कानामागच्या हाडावर टेकवायचा आणि मग कानासमोर धरायचा. समोर जास्त मोठा ऐकू आला तर साखळी बहुधा ठीक आहे. हाडावर जास्त मोठा वाटला तर साखळीत अडथळा आहे. त्यानंतर ऑडिओग्राम. त्यात हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याच्या दोन रेषा निघतात. दोन्ही रेषा एकमेकींना धरून खाली उतरल्या तर दोष आतल्या कानाचा, आणि मग कानातल्या सांध्यांची चिंता सोडून द्या. दोन रेषांत अंतर असेल तर दोष मधल्या कानाचा, आणि तिथून पुढे वरच्या गोष्टींचा विचार सुरू होतो. सोबत टिंपॅनोमेट्री करतात, तिच्यात पडदा आणि साखळी किती ताठ किंवा सैल आहे ते कळतं.

घरात कोणी ढोल-ताशा पथकात असेल तर त्याचाही ऑडिओग्राम करून घ्या. नदीपात्रातल्या सरावापासून लक्ष्मी रस्त्यावरच्या मिरवणुकीपर्यंत तो रोज तासन् तास ढोलाला कान लावून उभा असतो. मोठा आवाज झाला की स्टेपिडियस रिकिबीला ओढून धरतो खरा, पण त्याला शंभरेक मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो, आणि टिपरूचा ठोका तोवर आत जाऊन पोचलेला असतो. केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत येत नाहीत. फोमचे बोळे साध्या औषधाच्या दुकानात मिळतात.

सासूबाईंच्या ऑडिओग्रामच्या दोन्ही रेषा एकत्र उतरलेल्या निघाल्या तर कानाचं मशीन लावून बघा, आणि शक्य असेल तर दोन्ही कानांना. आधी काही दिवस घरी वापरून बघायला देणाऱ्याकडूनच घ्या. सुरुवातीला भांड्यांचा आणि पंख्याचा आवाज अंगावर येतो. मशीन कपाटात जातं ते इथेच. रोज तास-दोन तासांपासून वाढवत न्यायचं, आणि मशीनमधला आवाज पहिल्या महिन्यात एक-दोनदा पुन्हा जुळवून घ्यायचा. बोटांच्या संधिवातामुळे बारीक बॅटरी बदलणं त्यांना जमणार नाही, म्हणून चार्जिंगवालं घ्या, आणि ते कानात घालता-काढता येतं का हे दुकानातच त्यांच्या हातांनी करून बघा. एखाद्या सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झालेला आढळला, तर मात्र याची त्याची वाट न बघता त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. त्याला उपचार आहे, पण दिवस जातील तसा तो कमी लागू पडतो.